घरी बसलेल्या प्रशिक्षकाचा पगार

आमच्या क्लबच्या पगारपत्रकावर एका वर्षी तीन मुख्य प्रशिक्षक होते. मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडणारा त्यांतला एकच. दुसरा नायमेखनजवळ आपल्या घरी बागेतल्या शेडला रंग देत होता आणि तिसरा बेल्जियममध्ये भलत्याच क्लबला जिंकायला शिकवत होता. तिघांचे पगार महिन्याच्या एकाच दिवशी, माझ्याच हातून जात.

डच मुलखातल्या ब्राबांट प्रांतात, एका छोट्या व्यावसायिक फुटबॉल क्लबात मी हिशेब आणि करार सांभाळते. टिलबर्गमधल्या आमच्या घरापासून सायकलने जाता येतं, वारा समोरून नसेल तर. गणपतीला किंवा दिवाळीच्या फराळाला इथली मराठी मंडळी जमतात, तेव्हा निम्मे जण आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामातले असतात आणि उरलेले आयटीतले. माझा नवरा मिलिंदही यंत्रांतलाच. माझी ओळख झाली की कोणीतरी विचारतंच, "फुटबॉल क्लब? म्हणजे तुम्ही खेळता?" काठापदराची साडी नेसून करंजी खाणाऱ्या बाईला हे विचारायला मोठं मन लागतं.

"प्रशिक्षकाला काढायचं असेल तर किती खर्च येईल, ते मी सांगते," असं माझं ठरलेलं उत्तर. त्यावर सगळे हसतात. एकदा मात्र माझ्या भाच्याने, तो अमेरिकेत शिकतो, असाच फराळ चालू असताना सांगितलं की त्याच्या विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा प्रशिक्षक कुलगुरूंपेक्षा कितीतरी जास्त पगार घेतो. आणि टीम हरली म्हणून त्याला मध्येच काढलं, तर उरलेल्या वर्षांचे पैसे त्याला घरबसल्या मोजावे लागतात. त्यांचा फुटबॉल वेगळा, चेंडू हातात धरून पळतात म्हणे.

"कॉलेजच्या टीमला?" एक काका म्हणाले. "आमच्या कॉलेजात पीटीच्या सरांना शिट्टीसुद्धा स्वतःची आणावी लागायची!"

सगळे एकदम बोलू लागले. मी एकटी शांतपणे शेव खात राहिले. आमच्याकडचे आकडे त्यांच्यापुढे चिल्लर. पण गोष्ट तीच.

ती गोष्ट साध्या भाषेत सांगते. खेळाडू आवडेनासा झाला तर क्लब त्याला विकतो, वर दोन पैसे मिळतात. प्रशिक्षक विकता येत नाही. त्याचा करार ठरावीक वर्षांचा असतो आणि तो मधूनच तोडता येत नाही. पेपरात येतं, 'प्रशिक्षकाची हकालपट्टी'. कायद्याने तसं काही झालेलं नसतं. त्याला फक्त 'उद्यापासून मैदानावर येऊ नका' असं सांगितलेलं असतं. पगार चालू, काम बंद. मग दोन्ही बाजूंचे वकील बसतात आणि उरलेला करार किती पैशांत मिटवायचा ते ठरतं. त्या रकमेला इथे 'अफकोप' म्हणतात. माणसाने जावं म्हणून त्याला द्यायचे पैसे. आणि या सगळ्यात एक वाक्य सोन्याच्या मोलाचं असतं: दुसरीकडे नोकरी लागली की आमचे पैसे थांबतील. बेल्जियमवाल्या प्रशिक्षकाच्या करारात ते वाक्य कोणी लिहिलंच नव्हतं. तो करार मी क्लबात येण्याआधीचा. तो भला माणूस दोन्हीकडचा पगार घेत होता आणि नाताळला आम्हाला न चुकता शुभेच्छापत्र पाठवत होता. आनंद आतून आलेला दिसायचा.

तऱ्हेवाईक माणसं पुष्कळ पाहिली. एका उमेदवाराकडे शर्यतीची कबुतरं होती. क्लब राहायला घर देणार होता. हा म्हणाला, कबुतरांना एकदा या घराची सवय लागली की ती इथेच परत येणार; तेव्हा मला काढलंत तरी कबुतरांच्या शर्यती संपेपर्यंत घर सोडणार नाही, असं लिहून द्या. मी लिहून दिलं. पुढे तो आलाच नाही, दुसऱ्या क्लबने कबुतरांसाठी त्याहून मोठी जागा दिली. तो मसुदा मला अजून आवडतो. कबुतराची इतकी नीट व्याख्या कायद्याच्या कागदात क्वचितच झाली असेल.

मी मूळची मेहकरची, बुलढाणा जिल्ह्यातली. आप्पा तहसील कचेरीच्या जीपवर ड्रायव्हर होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, मेहकरातच बी.कॉम. केलं, मग अकोल्याला राहून एम.कॉम. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आईने ती फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर लावली होती, त्यामुळे वर्षानुवर्षं उदबत्तीचा धूर आधी देवाला आणि मग विद्यापीठाला जायचा. लग्नानंतर इथे आले, नगरपालिकेच्या वर्गात डच शिकले आणि क्लबात तिकिटांच्या खिडकीवर लागले. तिथून हिशेबात, हिशेबातून करारांत. मराठी माध्यमातल्या मुलीवर विश्वास टाकून या लोकांनी मला टेबल दिलं, याचं मला आजही अप्रूप आहे. उगाच नम्रपणाने म्हणत नाही. सकाळी दिवा लावून खुर्चीत बसताना रोज थोडं वाटतंच.

आता बागेतल्या शेडला रंग देणाऱ्या प्रशिक्षकाची गोष्ट. त्याचं नाव थेओ. साठीला आलेला, रुंद खांद्यांचा, आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या वृद्धाश्रमातली माणसं खिडक्या लावून घ्यायची. 'व' म्हणता न आल्याने तो मला 'फायशाली' म्हणायचा. मी त्याला तुम्ही म्हणायची. इथे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, पण साठीच्या माणसाला अरे म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.

त्या वर्षी पानगळीपासून आमचा संघ चक्क वरच्या क्रमांकावर होता. आमचे अध्यक्ष यान, फरशांचे व्यापारी, मनाने दिलदार आणि लवकर खूश होणारे. फेब्रुवारीत कार्निव्हल आला. ब्राबांटमध्ये कार्निव्हल म्हणजे आपली धुळवड आणि गणपतीची मिरवणूक एकत्र करावी तसं. गावचा डॉक्टरसुद्धा तीन दिवस कोंबडा बनून फिरतो. यान शेतकऱ्याचा निळा सदरा आणि गळ्यात लाल रुमाल घालून स्टेजवर चढले, थेओला मिठी मारली आणि माइकवरून जाहीर केलं, "थेओचा करार आणखी दोन वर्षांनी वाढवला!" खाली गाव नाचत होतं. पुढच्या सोमवारी मी यानना म्हटलं, "करारात निदान पडझडीचं एक कलम घालू. संघ घसरला तर रक्कम कमी, असं."

"वैशाली," ते म्हणाले, "कार्निव्हलमध्ये दिलेला शब्द आहे. त्यात कलमं घालत नाहीत."

कार्निव्हल संपला आणि संघाने जिंकणं सोडून दिलं. कारण कोणालाच कळलं नाही. ईस्टरपर्यंत आम्ही जवळजवळ तळाला.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी सकाळी मी ऑफिसात पोहोचले तर थेओ माझ्याआधी हजर. टेबलावर मोठं खोकं. ब्राबांटचे खिमा भरलेले पाव, गरम, सगळ्या ऑफिसात वास सुटलेला. इथली रीत अशी की वाढदिवस असो की निरोप, ज्याचा तो त्यानेच खाऊ आणायचा.

"तुमचा वाढदिवस आहे?" मी विचारलं.

"नाही. आज मला काढणार आहेत. यानने काल फोनवर 'उद्या जरा भेटू' असं म्हटलं. 'जरा' म्हणाला की समजायचं." मग त्याने खोक्यातून वेगळी कागदी पिशवी काढली. "यात चीजचा आहे. तुझ्यासाठी. तू खिमा खात नाहीस."

तासाभरात त्याला काढलं. मागच्या दाराने, कारण पुढच्या दाराशी वार्ताहर होते. क्लबचा फोन परत, कपाटाची किल्ली परत. त्याचा पाव यान काही खाऊ शकले नाहीत. हातात धरून खिडकीशी उभे होते. म्हणाले, "फरशी आवडली नाही तर मी गिऱ्हाइकाकडून परत घेतो. प्रशिक्षक कोण परत घेतं?"

नवा प्रशिक्षक आला. थेओचा वकील पूर्ण दोन वर्षांवर अडून बसला, आणि बरोबरच होतं त्याचं. असे झाले तीन पगार. मे महिन्यात पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडायला घेतलं तर कुठूनही ताळमेळ बसेना. फुटबॉल संघटना दरवर्षी हिशेब तपासते. तोटा लपवला तर गुण कापले जातात. खेळाडूंच्या पगारांना हात लावता येत नाही, स्टेडियमचं भाडं कमी होत नाही. मग संचालक मंडळाचं बोट सावकाश खाली सरकलं आणि मुलींच्या विभागावर थांबलं.

मुलींचा विभाग म्हणजे मागच्या बाजूचं एक मैदान, तीन संघ, एक पगारी प्रशिक्षिका आणि पालकांच्या गाड्या. ती प्रशिक्षिका बाळंतपणानंतर दुसऱ्या गावी राहायला जाणार होती. "तिच्या जागी कोणाला घ्यायचं नाही. म्हणजे विभाग आपोआप मिटेल," एक संचालक म्हणाले. फार शांतपणे म्हणाले. माझी मुलगी ओवी त्यातल्याच एका संघाची गोलकीपर. मी बैठकीतच सांगून टाकलं, "माझी मुलगी तिथे खेळते, तेव्हा मी जे बोलेन त्यातून तेवढं वजा करून ऐका."

"बोल," यान म्हणाले.

आणि मी जे बोलले ते मेहकरातून आलेलं होतं. लहानपणी मी आप्पांच्या जीपमधून कितीतरी साहेब आले-गेलेले पाहिले. साहेब कोणाला नकोसा झाला की त्याला कोणी काढत नसे. काढतात कुठे? बदली होई. पगार तोच, खुर्ची दुसरी. माझ्या डोक्यात नोकरीचं चित्रच तसं आहे. म्हणून मी म्हणाले, "थेओंना पगार आपण देणारच आहोत. मग आपण त्यांची बदली का करत नाही? मुलींच्या विभागात?"

क्लबच्या वकीलबाईंनी चष्मा काढला. डच वकिलाने चष्मा काढला की समजावं, काहीतरी फारच चुकलंय.

"वैशाली," एक संचालक म्हणाले, "मुख्य संघाच्या प्रशिक्षकाला तेरा वर्षांच्या मुली? तो आपल्यावर खटला भरेल. लोक हसतील."

"विचारून पाहू ना. ते तसेही घरी बसलेत."

वकीलबाई म्हणाल्या, करारात 'मुख्य संघ' असं स्पष्ट लिहिलं आहे, सक्ती करता येणार नाही. पण तो स्वतः तयार झाला तर एक पुरवणी जोडली की पुरे. यानना हसू आवरेना. म्हणाले, "कल्पना तुझी आहे. तूच जा विचारायला. मी जाणार नाही, मला माझे दात हवेत."

तर मी गेले. नायमेखनपर्यंत आगगाडी, पुढे बस. सोबत बेसनाच्या लाडवांचा डबा. दार उघडलं ते थेओच्या बायकोने, आन्सने. आधी कधी भेटलो नव्हतो. तरी ती मला माहेरचं माणूस आल्यासारखी हात धरून आत घेऊन गेली.

"तू क्लबातून आलीस? याला परत घ्यायला आलीस का?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "तीस वर्षं हा माणूस एकाही शनिवारी घरी नव्हता. फार सुखाचा संसार होता गं. आता रोज घरी आहे. काल मला डिशवॉशर कसा भरायचा ते शिकवत होता! बश्या मागे, कप पुढे, मध्ये जागा मोकळी."

"मोकळी ठेवलीच पाहिजे," मागच्या दारातून थेओचा आवाज आला. हातात ब्रश, अंगावर हिरव्या रंगाचे डाग. "नाहीतर पाणी फिरणार कुठून?"

"बघितलंस?" आन्स म्हणाली. "आणि ती शेड. तिसऱ्यांदा रंगवतोय. उन्हाळा संपेपर्यंत रंगाचं वजन लाकडापेक्षा जास्त होईल."

कॉफी झाली. थेओने लाडू खाल्ला, दुसरा घेतला. मग मी सरळ विचारलं. त्याचा चेहरा बदलला.

"मुली? मी वरच्या श्रेणीत काम केलंय, फायशाली."

"माहीत आहे. पगार मीच काढते."

"ही शिक्षा आहे का?"

मी म्हटलं, "आमच्या गावी तालुक्याच्या साहेबांची बदली व्हायची. काहींची शिक्षा म्हणून व्हायची, काहींची नाही. ती शिक्षा होती की नव्हती, ते लोक नंतर ठरवायचे. त्याने तिथे जाऊन काय केलं, ते बघून."

त्याने ब्रश फडक्याला पुसला. बराच वेळ पुसला. मला वाटलं, संपलं आता. विभाग बंद झाला तर ओवीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव मी मनात सुरू केली होती. म्हणून जाता जाता खरं ते सांगून टाकलं, "माझी मुलगीही त्यात आहे. गोलकीपर."

"उंची?"

"माझ्यावरच गेलीय."

त्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. "मग कॉर्नरचा चेंडू कसा अडवते?"

"अडवत नाही. जातो आत."

थेओने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "हे असं चालणार नाही," तो म्हणाला. स्वयंपाकघरात आन्सने दोन्ही हात वर करून गोल झाल्यासारखे हलवले. फक्त मला दिसले.

त्या दिवशी आप्पांना व्हिडिओवर सगळं सांगितलं. आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत.

"सत्कार केला का पोरी?" त्यांनी विचारलं.

"कसला सत्कार आप्पा? आधी तर हाकललाय त्याला."

"मंग तर पायजेच. शाल-नारळ देऊन निघाला तं बदली. तसाच निघाला तं हकालपट्टी. मी किती साहेब सोडले बसस्टँडावर! नारळ मांडीवर असला का साहेब जीपमध्ये ताठ बसे. नसला का खिडकीबाहेर पाहे."

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी, इथे बुधवारी शाळा लवकर सुटते, क्लबच्या कँटीनमध्ये मी निरोप आणि स्वागत एकाच ताटात मांडलं. शाल माझ्या कपाटातली, कोरी. नारळ टिलबर्गमधल्या, सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून आलेल्या माणसाच्या दुकानातला. मराठीत नारळ देणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. पण थेओला काढून झालं होतं, नारळ तेवढा राहिला होता. यानना म्हटलं, शाल तुम्ही घालायची. ते कुरकुरले, "काढलेल्या माणसाचा सत्कार कोण करतं?"

"काढलेला नाही. बदली झालेला."

त्यांनी शाल आधी उलटी घातली, मग मी सरळ केली. थेओ पुढच्या दाराने आला होता. हे मी मुद्दाम पाहिलं. नारळ त्याने दोन्ही हातांत घेतला, वजन पाहिलं, फिरवून तीन डोळे पाहिले. मुली रांगेत उभ्या होत्या, कोण बोलणार म्हणून एकमेकींना कोपरं मारत. थेओला भाषण येत नव्हतं असं नाही. त्याच्या भाषणांनी खिडक्या लागायच्या. पण त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "गोलकीपर कोण?" ओवीने हात वर केला. त्याने नारळ तिच्याकडे उंच टाकला. तिने झेलला.

"हात ठीक आहेत," थेओ म्हणाला. "पाय चुकीच्या जागी होते. चला बाहेर."

पुढचं मी बहुतेक ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. संचालक म्हणाले होते तसे पहिले दोन आठवडे कोणीकोणी हसायला आलेही. मग थंडी वाढली आणि हसणारे घरी गेले. मुली चालू राहिल्या. ओवीला मराठी कळतं, उत्तर डचमध्ये येतं. एकदा जेवताना मी विचारलं, "ओरडतात का गं फार?"

"ओरडत नाहीत," ती म्हणाली. "चेंडू आत गेला की येऊन विचारतात, तू तिथे का उभी होतीस? मग मला सांगावं लागतं. ओरडले असते तर बरं झालं असतं."

मुलींचे सगळे सामने जिंकले असं काही झालं नाही. पण जाहिरात न करता चौथा संघ उभा राहिला, आणि शेजारच्या गावातून मुली सायकलने यायला लागल्या. मुख्य संघाचा नवा प्रशिक्षक आधी बिचकून होता, जुना माणूस मागच्या मैदानावर म्हणून. एका बुधवारी पाहिलं तर तोही कुंपणाशी उभा राहून ऐकत होता.

नाताळच्या सुट्टीत खरी कसोटी आली. उत्तरेकडच्या एका क्लबने आपला प्रशिक्षक काढला आणि थेओला विचारलं. यान केक घेऊन माझ्या खोलीत आले. "पगार थांबणार, वैशाली! त्याच्या करारात ते वाक्य आहे ना?"

"आहे. मीच लिहिलंय."

त्यांचा आनंद खरा होता आणि माझाही अर्धा खरा होता. हिशेब ठेवणारीला याहून चांगली बातमी नसते. पण थेओ गेला की मुलींना शिकवायला कोण? वाचलेल्या पैशांवर संचालक मंडळाची नजर आधीच होती. एक पुढच्या फळीतला खेळाडू त्यांनी हेरून ठेवला होता. विभाग पुन्हा मे महिन्याच्या त्याच बोटाखाली आला.

थेओ आमचा करार मिटवायची सही करायला आला तेव्हा मी त्याला सगळं समजावून सांगितलं, कारण कराराबद्दल माणसाला खरं सांगायचं हा माझा धर्म. नव्या क्लबचा पगार जुन्यापेक्षा कमी होता. त्या वाक्याच्या पुढच्याच ओळीप्रमाणे, जेवढा कमी तेवढा फरक कराराच्या शेवटापर्यंत आम्ही त्याला द्यायचा होता.

"तो फरक माझा?" त्याने विचारलं.

"तुमचा. हक्काचा."

"त्यात मुलींसाठी एक पगारी प्रशिक्षक येईल?"

मी मनातल्या मनात बेरीज केली. "येईल. तुमच्याइतका महाग नको."

"माझ्याइतका महाग कोणीच नको," तो म्हणाला. "लिही. मी फरक सोडतो. पण क्लबने तो मुलींच्या विभागावरच खर्च करायचा, दुसरीकडे एक सेंटही नाही. यानला कलमं आवडत नाहीत. या कलमापासूनच सुरुवात कर."

ते कलम मी लिहिलं. चारच ओळी. इतकी वर्षं मी कराराची पानं लिहिते आहे; त्यातलं काही वाचून दाखवायचं असेल तर त्या चार ओळी दाखवीन. याननी वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही करताना म्हणाले, "कार्निव्हलमध्ये दिलेला शब्द शेवटी इथे येऊन पोहोचला तर."

थेओ गेला. आता मुलींना रोस नावाची तरुण प्रशिक्षिका शिकवते, आणि छान शिकवते.

एक गोष्ट मात्र मला टोचते, ती लिहायलाच हवी. थेओला काढलं त्याच मंगळवारी त्याचा साहाय्यकही गेला. त्याचा करार उन्हाळ्यात संपणारा, त्याला ना वकील, ना अफकोप. मुख्य प्रशिक्षकाला घरी बसवायला मी पानंच्या पानं लिहिते. बाकीच्यांना दोन ओळी पुरतात. त्याच्यासाठी नारळ आणायचं मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं. त्यानंतर मी नियम केला आहे. क्लबातून कोणीही जावो, माळी असो की तिकीटवाली, शाल आणि नारळ निघतोच. सुरिनामी दुकानदार मला पाहिलं की विचारतो, "आज कोणाचा नंबर?"

यंदाच्या ऑक्टोबरात एका बुधवारी दुपारी ऑफिसात खिमापावांचा वास आला. मी वर पाहिलं तर दारात थेओ, हातात खोकं. त्यावर वेगळी कागदी पिशवी.

"उत्तरेकडे काढलं?" मी विचारलं.

"सोमवारी. नारळसुद्धा दिला नाही. मागच्या दाराने." तो प्रसन्न दिसत होता. "दीड वर्षाचा पगार घरबसल्या. आन्स रडायला लागली. म्हणून इकडे आलो. रोसला विचारलंय, तिला मदतनीस हवाच आहे. बुधवार आणि शनिवार, फुकट."

माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. "थांबा, थांबा. तुम्ही अजून त्यांच्या पगारावर आहात. दुसऱ्या क्लबात काम केलंत तर करारभंग होईल. ते पैसे थांबवतील."

त्याने आतल्या खिशातून घडी केलेला करार काढून माझ्यासमोर ठेवला आणि बोट टेकवलं. शेवटच्या पानावर, सह्यांच्या जरा वर, स्पष्ट लिहिलं होतं: मुलींच्या संघांना विनामोबदला शिकवण्यास क्लबची हरकत राहणार नाही, ते संघ कोणत्याही क्लबचे असोत.

"हे कधी घालून घेतलंत?"

"सही करायच्या आधी."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, ते काढणार म्हणून?"

"फायशाली," तो म्हणाला, "मी फुटबॉल प्रशिक्षक आहे." आणि शिट्टी गळ्यात अडकवून मागच्या मैदानाकडे गेला.

उत्तरेकडच्या त्या क्लबातही माझ्यासारखंच कोणीतरी टेबलाशी बसत असेल. दर महिन्याला त्याच दिवशी थेओचा पगार पाठवताना कपाळाला हात लावत असेल, घरी बसलेल्या माणसाला एवढे पैसे म्हणून. त्या पैशांत आमच्या मुली काय काय शिकताहेत, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. यंदा फराळाचे डबे भरताना मी एक डबा जास्तीचा भरला आहे, चकल्या आणि बेसनाचे लाडू. पत्ता त्या क्लबच्या हिशेबखात्याचा. कारण लिहिलेलं नाही, नुसतं 'आभार' लिहिलं आहे.